साड्या नेसलेली बाग

१९३४च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये दोन लेखकांचं मूठभर बियांवरून बिनसलं. बिया मेक्सिकोच्या होत्या. टेबलावर ठेवल्या की कुणी हात न लावता त्या उसळत, गडगडत, मध्येच थबकत. एक लेखक आंद्रे ब्रतों. अतिवास्तववादाचा पहिला जाहीरनामा १९२४ साली त्यानेच लिहिला होता आणि त्या गोतावळ्यात त्याचा शब्द अखेरचा असे. दुसरा रोजे कायवा, वय २१. कायवा म्हणाला, एक बी कापून बघू, आत एखादी अळी असणार. ब्रतों हटून बसला. कापलं की गूढ गेलं, आणि गूढ गेलं की उरलं काय, हा त्याचा सवाल. कायवाने त्यानंतर ब्रतोंला पत्र लिहिलं आणि तो चळवळीतून बाहेर पडला. माहिती मिळताच मावळून जाणाऱ्या अद्भुताशी त्याला कर्तव्य नव्हतं. कळून घेतल्यावरही जे ठाम उभं राहील, त्याच्या शोधात तो होता.

बीमध्ये अळी असतेच, एका लहानशा पतंगाची. आतला गर खाऊन ती त्याच पोकळीत राहते आणि ऊब लागली की अंग झटकते. बाहेरून आपल्याला बी उडी मारताना दिसते.

हे भांडण वाचल्यापासून ते माझ्या मनातून गेलेलं नाही. आश्चर्य म्हणजे नुसतं न कळणंच का, हा प्रश्न त्याच्या पोटात आहे, आणि चित्र बघताना, कविता वाचताना तो पुन्हा पुन्हा समोर येतो. मी कायवाच्या बाजूची आहे. कारण कळल्यावर जेवढं आश्चर्य शिल्लक राहतं तेवढंच सौंदर्याच्या खात्यात जमा धरावं, असं मला वाटतं. हे मी पुस्तकांतून थोडं आणि बारामती-इंदापूरच्या मुलखात राहून पुष्कळ शिकले.

ब्रतोंच्या मंडळींनी सौंदर्याचा जो विचार मांडला त्याच्या मुळाशी एक गाठभेट आहे. इझिदोर ड्युकास हा तरुण माँटेव्हिडिओत जन्मला आणि १८७० साली पॅरिसमध्ये २४व्या वर्षी गेला. लोत्रेआमों या टोपणनावाने लिहिलेल्या पुस्तकात त्याने एका मुलाच्या देखणेपणाला विलक्षण उपमा दिली: मुडदा फाडायच्या टेबलावर शिवणयंत्र आणि छत्री यांची अवचित गाठ पडावी, तसं त्याचं रूप. त्याच्या हयातीत ते पुस्तक फारसं कुणाच्या हाती पडलं नाही. पुढे पहिल्या महायुद्धातून होरपळून निघालेल्या ब्रतोंच्या पिढीने ती उपमा देव्हाऱ्यात बसवली. १९१८ साली पिएर रव्हेर्दी या कवीने तोच विचार अधिक काटेकोरपणे मांडला. दोन वास्तवं एकमेकांपासून जितकी लांबची आणि तरीही त्यांचं नातं जितकं नेमकं, तितकी प्रतिमा जोरकस, असं त्याचं म्हणणं. यातला पहिला अर्धा भाग सगळ्यांनी उचलला, कारण तो सोपा होता. दुसरा अर्धा भाग मागे पडला. खरं काम तर त्या दुसऱ्या भागात आहे. लांबच्या वस्तू कुणीही जवळ आणू शकतो. त्या तिथे नांदतील का, हे बघावं लागतं.

वडगाव निंबाळकर हे नीरा-बारामती रस्त्यावरचं आमचं गाव. दक्षिणेला नीरा नदी, आणि १८८५च्या सुमारास वाहता झालेला नीरा डावा कालवा. या कालव्याने इथल्या भुईवर एक रेघ ओढली. पाटपाणी पोचतं तिथवर ऊस, त्यापलीकडे बारामतीच्या उत्तर अंगाला मुरमाड जिरायत. इथली माणसं ‘बागायती भागातला’ आणि ‘जिरायती भागातला’ अशी सोयरिकीतसुद्धा ओळख सांगतात. गळिताच्या हंगामात सोमेश्वर आणि माळेगावच्या कारखान्यांकडे निघालेल्या टायरगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्ता व्यापतात. रात्री ट्रॅक्टरवर रंगीत दिव्यांच्या माळा आणि मोठ्याने लावलेली गाणी असतात, आणि मागे अंधारात उसाचा अख्खा डोंगर हलत येत असतो. परगावचा पाहुणा थबकून बघतो. आम्ही रस्त्याच्या कडेला होतो आणि वाट देतो.

माझी आत्या इंदापूर तालुक्यात दिली आहे, कोरड्या पट्ट्यात. तिकडे डाळिंब. एका एप्रिलमध्ये भर दुपारी फाट्यावर एसटीतून उतरून मी बांधाबांधाने चालत निघाले. वळणावर पोचले आणि पाय थांबले. रानात बायका उभ्या होत्या. ओळीने, खांद्याला खांदा लावून, जांभळ्या, पोपटी, शेंदरी, चटक गुलाबी साड्यांतल्या बायका. एकीलाही डोकं नव्हतं. वारं आलं तसे सगळ्यांचे पदर एकाच दिशेला उडाले आणि पुन्हा बसले. आवाज मात्र कुठेच नाही, फक्त ठिबकच्या नळ्यांतून पाणी झिरपत होतं.

आत्या गोठ्याकडून आली. “काय गं, बाया बघून बिचकलीस व्हय?” म्हणाली आणि मला हाताला धरून त्या ओळीत घेऊन गेली.

आंबे बहाराचं फळ उन्हाळ्यात पोसतं. कडक ऊन थेट लागलं की सालीवर काळपट चट्टा पडतो, आणि चट्टा पडलेल्या फळाला व्यापारी हात लावत नाही. म्हणून बागेवर जुन्या साड्या पांघरतात. बाजारात त्या किलोवर मिळतात. एक टोक झाडाच्या बुडाशी बांबूला, दुसरं वरच्या तारेला, मध्ये सुतळीच्या गाठी. जवळून पाहिलं तर प्रत्येक साडीचा स्वभाव वेगळा होता. नायलॉनची साडी वाऱ्याला लगेच फुगायची. सुती साडी फांदीवर अंग टाकून बसलेली. एकीच्या निरीच्या जागी घड्यांच्या रेघा अजून शाबूत होत्या आणि त्या घडीत आतून एक भगवं डाळिंब दाटून आलेलं, कापडावर त्याच्या मुकुटाची टोकं उमटलेली. एकीच्या फॉलची शिवण उसवून दोरा लोंबत होता. एकीच्या पदराला गंजलेली सेफ्टी पिन तशीच होती. मोरचुदाचं बोर्डो मिश्रण फवारल्याचे निळसर शिंतोडे सगळ्यांवर सारखे.

“ह्या बाजारातल्या,” आत्या म्हणाली. “ह्या चार घरच्या. ही माझी, थोरल्याच्या बारशाची.” मग जरा थांबून, गाठ चाचपत म्हणाली, “म्या सवताच्या हातानं बांधल्यात. पर सांजच्याला कॉक बंद कराया आलं की उगंच वाटतं, ह्या कवाच्या येऊन उभ्या ऱ्हायल्यात, आन् मलाच उशीर झालाय.”

आत्याच्या या बोलण्यापाशी मी बरेच दिवस थांबले. बांधावरून मी बिचकले ते क्षणभराचं होतं. डोळ्यांनी फसवलं, मनाने सावरलं, संपलं. ब्रतोंला जी भीती वाटत होती ती इथे खरी ठरली असती: कारण कळलं, दृश्य विझलं. पण तसं घडलं नाही. चट्ट्याचं, व्यापाऱ्याचं, किलोच्या भावाचं कळल्यावर ती बाग माझ्यासाठी अधिकच अद्भुत झाली. कुणाच्या तरी बारशात मिरवलेलं कापड आता एका फळाच्या सालीची राखण करतंय. बाईच्या अंगावरून उतरलेली साडी उन्हापासून आणखी कुणाला तरी झाकतेय. हे नातं रव्हेर्दीच्या मापाने लांबचं आहे आणि नेमकंही आहे. आणि आत्या तर मुळापासून सगळं जाणणारी. गाठी तिच्या, साडी तिची, बाग तिची. तरी रोज संध्याकाळी तिला त्या बायका दिसतात. तिच्याजवळ जे आहे ते बांधावर दचकलेल्या माझ्याजवळ नव्हतं.

१९३६मध्ये मेरेट ओपेनहाइम या तरुण चित्रकर्तीने कप, बशी आणि चमचा यांना जनावराची केसाळ कातडी चढवली. अतिवास्तववादी वस्तूंमध्ये ती सर्वांत गाजलेली. तिचं छायाचित्र पाहतानाही जिभेवर केस आल्यासारखं होतं. ती वस्तू मला थोर वाटते, कारण तिच्यात नुसती विचित्र जोडणी नाही. चहाचा कप आणि फर या दोन्ही त्या काळच्या शहरी बाईच्या ऐषारामाच्या खुणा. दोन्ही ऊबदार, दोन्ही हाताळायच्या. एकत्र येताच दोन्ही असह्य होतात. याचं कारण कुणी समजावून सांगितलं तरी जिभेवरचा शहारा जात नाही.

आमच्या तालुक्यातली याहून फार जुनी अशी एक गाठभेट मोरगावला आहे. मयूरेश्वराच्या देवळासमोर नंदी बसलाय. नंदी महादेवासमोर असतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. गणपतीपुढे उंदीर असावा, आणि तो आहेही. पण त्याच्याबरोबर भलामोठा दगडी नंदी आपला देव बदलल्याचं कसलंही दडपण न घेता गाभाऱ्याकडे तोंड करून बसलाय. लोक सांगतात, कुठल्याशा शिवालयासाठी हा नंदी गाड्यावरून चालला होता. इथे गाडा मोडला, आणि मग काही केल्या नंदी जागचा हलेना. भरीला देवळाच्या चार कोपऱ्यांवर मिनार आहेत, लांबून मशिदीचा भास व्हावा असे. परचक्रापासून बचाव व्हावा म्हणून ते तसे उभारले, असंही सांगतात.

मी लहानपणापासून मोरगावला जाते. त्या नंदीचं नवल मला लहानपणी वाटलं नाही. ते वाटायला लागलं मोठेपणी, गाड्याची गोष्ट नीट कळल्यावर. भुलेश्वर, जेजुरी, आणखी कुठली कुठली देवळं पाहून आल्यावर नंदीची जागा कुठली असते ते डोक्यात पक्कं बसलं, तेव्हा कुठे मोरगावचा नंदी जागचा हललेला दिसला. वस्तूचं नेहमीचं घर माहीत नसेल तर तिचं परक्या दारात येणं लक्षातही येत नाही. अतिवास्तववादी मंडळी वस्तूला तिच्या जागेवरून उचलून भलतीकडे ठेवण्यावर फार भर देत. मोरगावात ते काम एका मोडक्या आसाने केलं, आणि भाविकांनी ते तसंच राहू दिलं. हे राहू देणं मला महत्त्वाचं वाटतं. चूक दुरुस्त करायला माणसं आणि बैल कमी पडले असतील असं नाही. कुणाला तरी वाटलं असेल की हा इथेच शोभतोय.

बारामतीत मोरोपंतांनी तर आश्चर्याला नियमांनी बांधून घातलं. मोरोपंत १७२९ साली पन्हाळ्याला जन्मले आणि बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत राहिले. १७९४मध्ये ते गेले, तोवर त्यांच्या नावावर १०८ रामायणं जमा झाली होती. त्यांतलं एक निरोष्ठ, म्हणजे ओठाला ओठ न लावता म्हणायचं. प, फ, ब, भ, म ही अक्षरं वर्ज्य. ही अट ऐकून मी आधी मान डोलावली आणि मग चमकले. ‘राम’ म्हणताना ओठ मिटतात! म्हणजे अख्खं रामायण सांगायचं आणि त्यात रामाचं नाव घ्यायची सोय नाही. राघव म्हणा, दाशरथी म्हणा, सीतेचा नाथ म्हणा. ज्या नावासाठी सगळा खटाटोप तेच तेवढं ओठांआड. पुढे पॅरिसमध्ये ब्रतोंच्याच गोतावळ्यातून फुटून निघालेल्या रेमों क्नोने १९६० साली असेच कडक नियम लावून लिहिणाऱ्यांची मंडळी उभी केली. आपोआप सुचेल ते लिहा, मनावरचा पहारा उठवा, हा ब्रतोंचा मार्ग त्याला पुरेना. मोरोपंतांना आपल्याकडे कारागीर म्हणून बाजूला सारायची पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. नियम आधीच उघड सांगून टाकलेला असताना वाचणाऱ्याला चकित करणं हे लपवून चकित करण्यापेक्षा कठीण आहे.

आणि मुक्ताबाई. गावात सप्ताह बसला की एखाद्या रात्री बुवा हमखास तिचा कूट अभंग निरूपणाला घेतात, तोच, ज्यात मुंगी आभाळात जाऊन सूर्य गिळते आणि माशीच्या पोटी घार जन्माला येते. तेराव्या शतकातली ही मुलगी. ब्रतोंला ती भेटली असती तर त्याने तिला आपल्या पूर्वजांच्या यादीत अगदी वर बसवलं असतं. पण तिच्या अभंगाचं आपल्याकडे जे होतं ते त्याला सोसलं नसतं. आपल्याकडे तो उलगडून सांगतात. मुंगी म्हणजे काय, सूर्य म्हणजे काय, तिने गिळलं म्हणजे नक्की काय झालं, बुवा टप्प्याटप्प्याने सोडवत नेतात; मृदंग थांबलेला, मंडपात बायाबापड्या माना डोलावतायत. ते झालं की बुवा पुन्हा मूळ चरणावर येतात, टाळ वाजायला लागतात, आणि मुंगी पुन्हा उडते. मी हे दरवेळी अनुभवलंय. अर्थ लागल्यानंतर म्हटलेला तो चरण आधीच्यापेक्षा जास्त अंगावर येतो. बी चिरली, अळी दाखवली, तरी बी उडतेच आहे! साहित्यशास्त्रात विश्वनाथाने आपल्या घराण्यातल्या नारायण नावाच्या पूर्वजाचं मत नोंदवलंय की चमत्कार हे सगळ्याच रसांचं सार आहे, म्हणून सर्वत्र अद्भुतच आहे. सप्ताहाच्या मंडपात हे मत मला पटतं.

इथून जवळच, पुरंदर तालुक्यात, जेजुरी. अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’ला १९७७ साली राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. त्या कवितांत एक जण उघड्या दारातून देऊळ समजून डोकावतो, आतून वासरू त्याच्याकडे बघतं, आणि कळतं की तो गोठा आहे. दुसरीकडे उंबरठा समजून ज्याच्यावरून पाय टाकायचा तो आडवा पडलेला खांब निघतो. कोलटकर तरुणपणी अतिवास्तववादाच्या वाटेने गेले होते. त्यांच्या सुरुवातीच्या मराठी कविता त्या वळणाच्या आहेत. पण जेजुरीत पोचेपर्यंत त्यांना छत्री आणि शिवणयंत्र घरून न्यावं लागलं नाही. गैरसमज दुरुस्त होतो आणि त्यानंतर तो गोठा देवळाहून पवित्र वाटायला लागतो.

चित्रकलेत हे काम प्रभाकर बरव्यांनी केलं. एक पान, एक घड्याळ, एक फळ, एक पाकीट. प्रत्येक वस्तू स्वच्छ, सपाट, रेखीव, आणि मध्ये मोठी मोकळी जागा. धक्का देण्याची घाई त्या कॅनव्हासवर कुठेच नाही. १९९० साली आलेल्या त्यांच्या ‘कोरा कॅनव्हास’मध्ये वस्तू आणि अवकाश यांचा जो विचार आहे तो चित्रं न पाहणाऱ्यानेही वाचावा असा आहे. बरव्यांच्या चित्रात पान आणि घड्याळ एकमेकांना चिकटत नाहीत, तरी थोड्या वेळाने आपल्यालाच त्यांच्यात काळाचं काही बोलणं चाललेलं ऐकू यायला लागतं. मर्ढेकर ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तीन तत्त्वं सांगतात. बरव्यांच्या त्या मोकळ्या जागेत मला समतोल दिसतो. त्याच्याशिवाय विरोध नुसता आदळत राहतो.

आता असा नुसता विरोध फार स्वस्त झालाय. मोबाइलवर एक वाक्य टाइप केलं की आभाळात पोहणारे मासे, जिन्यावरून वाहणारा समुद्र, घड्याळाच्या डोक्याची माणसं, हवं ते चित्र निमिषात समोर येतं. पोरं दाखवतात, मी बघते, क्षणभर चकित होते. दुसऱ्यांदा बघावंसं वाटत नाही. कारण विचारावं तर कारणच नसतं. मासे आभाळात का गेले याचं मासे आणि आभाळ यांच्यापाशी काहीच उत्तर नसतं. कापून पाहिलं तर आत अळी नाही, अशी ती बी.

कायवा पुढे दगडांकडे वळला. आयुष्याच्या उत्तरार्धात त्याने अकीक आणि तसलेच दगड जमवले, त्यांच्यावर पुस्तकं लिहिली. १९७०च्या एका पुस्तकात दगडांच्या आतल्या लिपीबद्दलच तो बोलतो. वरून ओबडधोबड दगड, चिरून घासला की आत डोंगर, ढग, उद्ध्वस्त शहरं. आमच्या जिरायती भागात विहीर खोदणाऱ्यांना हे सांगायला नको. सुरुंगाने काळा पाषाण फुटतो आणि मध्येच एखादी पोकळी उघडते, आतून गारगोटीच्या पांढऱ्या सुळ्यांनी भरलेली. साडेसहा कोटी वर्षांमागे लाव्हा थंड होताना आत वायूचे बुडबुडे अडकले, त्यांत पुढे पाणी झिरपत राहिलं आणि त्यातून हे स्फटिक धरले. फोडल्याशिवाय ते दिसणारच नव्हते. तरी ब्रतोंचीही एक बाजू मला मान्य आहे. बी कापली तर अळी मरते. जाणून घेण्याचेही प्रकार असतात. कुठे सुरी चालते, कुठे कुणापाशी तरी बसून राहावं लागतं.

दुसऱ्या प्रकाराची मला गरज पडली पळसदेवला. भीमेवर १९८०च्या सुमारास उजनी धरण पुरं झालं आणि इंदापूर तालुक्यातली कितीतरी गावं पाण्याखाली गेली. पळसदेव वर येऊन महामार्गाजवळ वसलं. त्याचं जुनं पळसनाथाचं देऊळ खालीच राहिलं. धरण भरलेलं असताना तिथे नुसतं पाणी. पाणी उतरायला लागलं की आधी शिखर वर येतं, आणि एखाद्या कडक उन्हाळ्यात पाणी फारच खाली गेलं तर सबंध देऊळ गाळातून उभं राहतं. हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी येतात; उथळ पाण्यात हजारो गुलाबी पाय. बुडालेल्या रानांवरून मासेमारीच्या होड्या फिरतात. अतिवास्तववादी चित्रकारांनी जन्मभर जी दृश्यं कल्पनेने रंगवली त्यांच्या पंक्तीला बसेल असा हा जलाशय आहे, आणि लोक कॅमेरे घेऊन लांबलांबून येतात.

मीही अशीच गेले होते. शिखर पाण्याबाहेर होतं. काठावर एक म्हातारबाबा बसले होते. मी विचारलं, बाबा, इथलेच का. त्यांनी हात लांब केला. “ती व्हडी दिसती का, ताई? तिच्या खाली आमचं घर हुतं.” होडीतला माणूस जाळं ओढत होता. बाबा सांगत राहिले: हा चावडीचा उतार, तिकडे चिंच, ही वाट देवळाकडे. बोटाने ते पाण्यावर गाव काढत होते आणि पुढच्या क्षणी पाणी ते पुसत होतं. जमिनीच्या मोबदल्याचं बोलले, नवीन गावठाणात कुणाला कुठे जागा मिळाली ते बोलले. मग म्हणाले, ह्याच पाण्यावर पोराचा ऊस हाय.

तिथे मला माझ्या मताची खरी परीक्षा द्यावी लागली. पाण्यातून वर आलेलं शिखर सुंदर आहे असं म्हणायचा मला अधिकार आहे का? बाबांना त्यात नवल काहीच नव्हतं, होतं ते घर. पण मग त्यांनीच सांगितलं की शिखर उघडं पडलं की ते दरवर्षी येऊन बसतात, काही काम नसताना. “बगावंसं वाटतं,” एवढंच म्हणाले. आत्याच्या बायका आणि बाबांचं शिखर यांत मला एकच गोष्ट दिसते. ज्याला सगळं कारण माहीत आहे, ज्याने ते सोसलंय, तोही पुन्हा पुन्हा बघायला येतो. त्याचं बघणं आणि कॅमेऱ्याचं बघणं यांत फरक एवढाच की कॅमेऱ्याच्या चौकटीत होडी येते, होडीखालचं घर येत नाही. होडीखालच्या घरासकट जो ते शिखर बघेल त्याने त्याला सुंदर म्हणावं. मी आता म्हणते.

गेल्या उन्हाळ्यात आत्याकडे गेले तर बाग पांढरी झालेली. क्रॉप कव्हर, कारखान्यातून गुंडाळ्यांनी येणारं पातळ पांढरं कापड, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसलग. काम तेच: ऊन अडवायचं, चट्टा टाळायचा. तरी मी बांधावर थांबले नाही, सरळ आत गेले. हे कापड याआधी काहीच नव्हतं. ते कुणी नेसलेलं नव्हतं, कुठल्या बारशाला गेलेलं नव्हतं. डाळिंबाला भेटायला येताना त्याने स्वतःचं असं काही आणलं नव्हतं. गाठभेटीला दोघं लागतात, इथे एकटं डाळिंबच होतं. हे मी आत्याला माझ्या परीने सांगून पाहिलं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. “फळ एकसारखं रंगतं ह्यात,” ती म्हणाली. “आन् गाठी सोडवायला बाया लावाव्या लागत न्हाईत. मजुरी काय झालीय म्हाईत हाय ना तुला?” मला माहीत होती, आणि तिचं बरोबर होतं.

साड्या गोठ्यामागच्या शेडमध्ये गठ्ठ्यांनी बांधून ठेवल्या होत्या. काहींच्या चिंध्या फाडून फांद्या बांबूला बांधायला घेतल्या होत्या, एक कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलेली. बारशाची जांभळी गठ्ठ्यात वरच होती. ती मला दे, म्हटलं.

“ने की,” आत्या म्हणाली. “पर गोधडीला नगं वापरू. मोरचुदाचा डाग हाय, किती धुतली तरी जात न्हाई.”